गळ्यातले जुने माइक भंगारात देऊ नका

संपादक महोदय,

मी निवृत्त ध्वनिमुद्रक. गेल्या महिन्यात बंद होणाऱ्या एका स्टुडिओचं सामान भंगारात निघालं. त्यात गळ्यात दोरीने अडकवायचा जुना डायनॅमिक माइक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) होता. ‘आवाज चिरका येतो, बिघडलाय,’ असं मला सांगण्यात आलं. तो बिघडलेला नव्हता! हे माइक छातीवर लटकवण्यासाठीच घडवलेले असतात. छातीचा घुमारा कमी आणि व्यंजनं ठसठशीत यावीत, अशी त्यांची रचना असते. तोंडासमोर धरलात तर आवाज चिरका येणारच.

१९६२ मध्ये सेसलर आणि वेस्ट या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत इलेक्ट्रेट माइक (कायम विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा) बनवला. पुढे याच तंत्राने कॉलरला लावायचे चिमुकले माइक आले आणि हे जाडजूड मागे पडले. पण यांना बॅटरी लागत नाही, त्यामुळे ती गळून आतले भाग गंजण्याची भीती नाही.

असाच माइक गळ्यात घालून माझ्या आईने जात्यावरच्या ओव्या गायल्या. ती मागेपुढे झुलत होती, तरी तोंड आणि माइक यांतलं अंतर फारसं बदललं नाही. पदराची सळसळ तेवढी टेपवर आली, ती मी मुद्दाम काढली नाही.

कुणाकडे असा माइक असेल तर विकण्याआधी एकदा छातीवर लावून ऐका.

– एक निवृत्त ध्वनिमुद्रक, पुणे