सावकारी आधी की द्वेष आधी?

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला ज्यूद्वेषावरचा लेख वाचला. विद्वान लेखकांनी शेकडो वर्षांचा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला आहे: ज्यू सावकारी करत, लोक नाडले जात, म्हणून लोक चिडत. आपल्याकडच्या वाचकाला चटकन पटावे म्हणून वर १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या उठावाचा, दाखला. सुप्यात सावकारांची कर्जखते जळाली, इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये ज्यूंचे कर्जरोखे जळाले, मामला एकच! इतके सोपे असते तर काय हवे होते.

यॉर्कचे नाव काढलेच आहे तर ते नीट सांगायला हवे होते. १६ मार्च ११९० रोजी तिथले सुमारे दीडशे ज्यू किल्ल्यातल्या लाकडी बुरुजात कोंडले गेले होते. बहुतेकांनी एकमेकांच्या हातून मरण पत्करले. बाप्तिस्मा घेतो, जीव वाचवा, असे म्हणत सकाळी जे बाहेर आले त्यांनाही कापून काढले. मग जमाव कॅथीड्रलमध्ये गेला, तिथे ठेवलेले कर्जरोखे बाहेर ओढले आणि फरशीवरच पेटवले. पुढाऱ्यांपैकी रिचर्ड मॅलेबिस हा सरदार स्वतः कर्जबाजारी होता. इथवर लेखकांचे बरोबर. पण मोठी कर्जे होती ती सरदारांची, नाइटांची आणि मठांची. बुरुजाखाली ओरडणाऱ्या कारागिरांच्या आणि क्रूसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, निघालेल्या पोरांच्या नावावर कोणते रोखे होते? द्वेष गावात आधीच होता. सरदारांनी तो आपल्या कामाला लावला. सुप्याला १२ मे १८७५ रोजी जमलेल्यांना खते हवी होती. जिथे ती मुकाट्याने हाती आली, तिथे प्रकरण बहुधा तेवढ्यावरच मिटले, हे सरकारी चौकशी आयोगाच्याच अहवालात आहे. दोन्हींत साम्य आहे ते जळलेल्या कागदापुरते.

आता क्रम पाहा. अँटिओकमध्ये जॉन क्रिसोस्टम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने ज्यूंविरुद्धची प्रवचने दिली ती ३८६-३८७ मध्ये. त्यात राग आहे तो आपले ख्रिस्ती लोक सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सणाला जातात याचा, व्याजाच्या दराचा नव्हे. स्पेनमध्ये व्हिसिगॉथ राजा सिसेबुटने ज्यूंना सक्तीने बाटवले ते सातव्या शतकात, तेव्हा तिथले ज्यू जमीन बाळगून होते. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या स्पायर, वर्म्स आणि माइन्झ इथल्या कत्तली १०९६ च्या. हे ज्यू मुख्यतः व्यापारी होते, आणि त्यातल्या स्पायरला तर बिशपनेच १०८४ मध्ये त्यांना बोलावून वसवले होते. ज्यू ख्रिस्ती मुलांचे बळी देतात ही कंडी इंग्लंडात नॉर्विचला ११४४ च्या एका मुलाच्या मृत्यूवरून उठली. सावकारी हा इंग्लंडातल्या ज्यूंचा मुख्य धंदा झाला तो बाराव्या शतकात, जगातला हा एक कोपरा आणि फार तर दीडशे वर्षांचा काळ. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही, हे रोमच्या चर्चने अधिकृतपणे सांगितले १९६५ मध्ये! तोवर दर गुड फ्रायडेला जे कानावर पडत होते, त्याचा लेखात एका शब्दाने उल्लेख नाही.

आणि सावकारीच का? "ज्यूंनी हा धंदा निवडला," असे लेखक लिहितात. शेतजमीन घ्यायची तर सरंजामी शपथ, ती ख्रिस्ती. कारागिरी करायची तर गिल्ड, म्हणजे कारागिरांची संघटना, तिचा पालक संत ख्रिस्ती. चर्चच्या ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरी करणाऱ्या ख्रिस्त्याला प्रसाद आणि दफन दोन्ही नाकारले. उरले काय?

रोख्याची रीत लेखकांना ठाऊक असती तर त्यांनी सावकाराच्या मागे उभा असलेला माणूसही पाहिला असता. ११९४ पासून इंग्लंडात ज्यूने दिलेले कर्ज ठरलेल्या गावीच लिहावे लागे, दोन ज्यू, दोन ख्रिस्ती आणि राजाचे कारकून यांच्यासमोर. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा उतरवायचा आणि मधून नागमोडी कापायचे. ऋणकोच्या शिक्क्याचा तुकडा सावकाराकडे, दुसरा सरकारी पेटीत. वाद निघाला की दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. वळण जुळले नाही की रोखा खोटा. पेटीला तीन कुलुपे, एक किल्ली ज्यूंकडे, एक ख्रिस्त्यांकडे, एक राजाच्या माणसांकडे. लिहिणावळ तीन पेन्स, अर्धी धनकोने द्यायची, अर्धी ऋणकोने. थोडक्यात आपले दुय्यम निबंधक कार्यालय. ही सोय यॉर्कनंतर झाली, पण ज्यूंची कणव येऊन नव्हे. ज्यू आणि त्याची मालमत्ता राजाची, असा कायदा होता. रोखे जळाले तेव्हा बुडाला राजा. आता एक प्रत पेटीत राहू लागली, आणि कोणाचे कोणाकडे किती येणे आहे हे राजाला कुलूप उघडताच दिसू लागले.

व्याज सहसा पौंडाला आठवड्याला एक ते दोन पेन्स. पौंडाचे पेन्स २४०, तेव्हा दोन पेन्सने द.सा.द.शे. त्रेचाळीसच्या वर जाते. वीस पौंड घेणाऱ्या नाइटला वर्षाला आठ पौंड तेरा शिलिंग चार पेन्स नुसते व्याज. दर चढा होता, कोण नाही म्हणते? पण तो कोणाकडे जाई? सावकार मेला की वारसाकडून इस्टेटीचा तिसरा हिस्सा राजाला. मधल्या काळात राजाला हवी तेव्हा पट्टी. जॉन राजाने १२१० मध्ये मागितली ती साठ-सहासष्ट हजार मार्कांची, मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. इतकी रोकड कोणाच्या घरात असते? मग सावकार हातातले रोखे पडत्या भावाने दरबारातल्यांना विकी, आणि ते तारणातली जमीन गिळत. पहिल्या एडवर्डच्या राणीने, एलेनॉरने, अशाच वाटेने इस्टेटी जमवल्या, त्याबद्दल आर्चबिशप पेकमने तिला खडसावलेही. जमीन राणीच्या घशात आणि शिव्या ज्यूच्या पदरी, अशी ही वाटणी.

लिंकनचा ज्यू सावकार ॲरन ११८६ मध्ये वारला तेव्हा त्याची सुमारे पंधरा हजार पौंडांची येणी दुसऱ्या हेन्रीने ताब्यात घेतली. ऋणको चारशेच्या वर. वसुलीला खजिन्यात स्वतंत्र खाते उघडावे लागले. एका रात्रीत राजा त्या सगळ्यांचा सावकार झाला. सरदारांना हे पक्के माहीत होते. सरदारांनी राजाकडून घेतलेल्या १२१५ च्या सनदेचे, मॅग्ना कार्टाचे, दहावे कलम काढून पाहावे: रोखा राजाच्या हाती आला तर त्याने फक्त मुद्दल घ्यावी. पुढच्याच वर्षी सनद पुन्हा निघाली तेव्हा हे कलम गळाले होते. आणखी एक गंमत. ज्यू ख्रिस्ती झाला तर त्याची सगळी मालमत्ता राजा जमा करी, कारण बाटलेल्या ज्यूवर पट्टी बसवता येत नसे. निम्मी ठेवायची मुभा मिळाली ती १२८० मध्ये. ज्यांचे धर्मांतर व्हावे म्हणून चर्च प्रार्थना करत होते, त्यांनी ते करू नये याची तजवीज खजिन्यानेच केली होती.

पिळून काही निघेनासे झाले तेव्हा १२७५ मध्ये व्याजावरच बंदी आली. सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने सहा इंच लांब, तीन इंच रुंद पिवळा बिल्ला लावायचा. व्यापार करा, खंडाने शेती करा, असे कायदा म्हणाला, पण गिल्डचे दार तसेच बंद. १२७८ मध्ये नाणी कातरल्याच्या आरोपावरून सुमारे ६८० जण तुरुंगात, अडीचशेहून अधिक फासावर. शेवटी १८ जुलै १२९० चा हुकूम: १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडा. बदल्यात पार्लमेंटने राजाला एक लाख सोळा हजार पौंडांचा कर मंजूर केला. म्हणजे ज्यूंचा शेवटचा रोखाही राजाने वटवला.

लेखकांचे म्हणणे खरे असते तर प्रकरण इथे संपायला हवे होते. सावकार गेले, राग जावा. आणि सावकारी थांबली म्हणता? राजाला पैसा पुरवत होते इटलीतल्या लुक्काचे रिकार्डी, पुढे फ्लॉरेन्सचे फ्रेस्कोबाल्डी, बार्दी, पेरुझ्झी. सगळे ख्रिस्ती. व्याज न म्हणता मुदत टळल्याचा दंड किंवा चलनबदलीचा फरक म्हणत, इतकेच. लोक त्यांच्यावरही चिडले, फ्रेस्कोबाल्डींना तर पळवून लावले. पण लुक्काच्या माणसाचे रक्तच वाईट, असे सातशे वर्षे कोणी म्हणत बसले नाही. उलट इंग्लंडात ज्यूला उघडपणे राहायची बंदी होऊन तीनशे वर्षे झाली तेव्हा लंडनच्या रंगमंचावर शेक्सपिअरचा ज्यू सावकार शायलॉक उभा राहिला. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जन्मात ज्यू पाहिलेला नव्हता, मग त्यांना नाडले कोणी?

भारतात ज्यूद्वेष "कधीच नव्हता" हे अभिमानाचे वाक्यही लेखात आहे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंपुरते, घाण्यावर तेल गाळणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या शनवार तेल्यांपुरते, ते खुशाल म्हणावे. पण पणजीपासून जुने गोवे काही दूर नाही. तिथे १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले. गार्सिया द ओर्ता हा वैद्य, बाटवलेल्या ज्यू कुळातला. त्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ गोव्यातच १५६३ मध्ये छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू म्हणून गोव्यात जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. बहिणीचा गुन्हा व्याजाचा नव्हता, शनिवार पाळल्याचा होता. लेखकांनी इंग्लंडपर्यंत जायचे आणि गोवा चुकवायचे, याला काय म्हणावे?

वॉटर्लूची कथा आपल्या वृत्तपत्रात तरी यायला नको होती. नेपोलियन हरला त्या लढाईत नेथन रॉथशिल्ड हा ज्यू बँकर रणांगणावर हजर होता, वादळात खाडी ओलांडून लंडनला आला आणि खोटी बातमी पसरवून बाजार लुटला, हे १८४६ च्या एका फ्रेंच चोपड्यातले आहे. लेखकाने टोपणनाव घेतले होते 'सैतान'. लढाई १८१५ ची. नेथन तेव्हा लंडनमध्येच होता, आणि चोपडे निघाले तेव्हा त्याला वारून दहा वर्षे झाली होती. सकाळच्या व्हॉट्सॲपवर येते ते रविवारी छापायचे तर पुरवणीला संपादक कशाला हवा?

जाता जाता, लेखासोबतच्या चित्राबद्दल. वाकडे नाक, हातात नाण्यांची थैली. चित्रकाराचे नाव खाली नाही, असते तर त्यांना सांगितले असते की ही कल्पना १२३३ सालची आहे. त्या वर्षीच्या इंग्लंडच्या खजिन्याच्या वसुलीपटाच्या माथ्यावर एका कारकुनाने नॉर्विचचा ज्यू सावकार आयझॅक काढला, तीन तोंडांचा, मुकुट घातलेला. खाली मोसे मोके आणि आवेगाय हे आणखी दोन ज्यू, आणि मधला सैतान दोघांच्या नाकांवर बोटे ठेवून उभा. पट आजही लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. वसुली करणाऱ्याच्या कारकुनाने काढलेले व्यंगचित्र आठशे वर्षांनी मराठी वृत्तपत्रात 'प्रातिनिधिक चित्र' म्हणून छापले जाते. खुलासा द्याल तेव्हा कृपया त्यासोबत ते पुन्हा छापू नये.

पत्र आपल्या शब्दमर्यादेबाहेर गेले आहे, याची कल्पना आहे. कात्री लावायचीच असेल तर वॉटर्लूला लावा, गोव्याला नको.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सोलापूर