बाराव्या खंडातला बाप

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री 'द व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी कादंबरीमालिकेचा बारावा खंड वाचून संपला. मागच्या वेळी फोनवर तू म्हणालास, "बाबा, पुढे काय झालं ते तुम्हीच सांगून टाका, मी काही ते दहावं पुस्तक पुन्हा हातात धरणार नाही." त्या वेळी मी स्वतःच दहाव्या खंडात अडकलो होतो, त्यामुळे मला काही उत्तर देता आले नाही. आता सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फोनवर मावणारे नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

दहाव्याविषयीची तुझी तक्रार खरी होती, हे आधी कबूल करतो. नवव्या खंडाच्या अखेरीस मालिकेचा नायक रँड पुरुषांच्या जादूच्या शक्तीवरचा कलंक धुऊन काढतो, आणि २००३ साली आलेल्या दहाव्या खंडात पानेच्या पाने बाकीची पात्रे दुरून तो प्रचंड झोत जाणवून नुसती चकित होत राहतात. रँडचा मित्र पेरिन आपल्या बायकोला शोधत राहतो आणि ती काही सापडत नाही. पुस्तकात मला तुझी खूण सापडली. वहीचा चौघडी घातलेला कागद होता, आणि त्यावर तुझ्या शाळेतल्या अक्षरात पात्रांची नावे व कोण कोणाबरोबर कुठे आहे याच्या नोंदी होत्या. शेवटच्या तीन नावांपुढे तू नुसतीच प्रश्नचिन्हे काढली होतीस. एवढी नावे लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करणारा वाचक जिथे थांबला, तिथे चूक वाचकाची नव्हती. मात्र २००५ च्या अकराव्या खंडात लेखक रॉबर्ट जॉर्डन यांची जुनी पकड परत येते. त्या खंडात रँड आपला डावा हात गमावतो, आणि बारावा खंड सुरू होतो तेव्हा तो एका हाताचा, कोणाशीही मोकळेपणाने न बोलणारा माणूस झालेला असतो.

'द गॅदरिंग स्टॉर्म' हे या बाराव्या खंडाचे नाव. त्याच्याविषयी मला जे सांगायचे आहे, त्याचा धागा सहाव्या खंडापर्यंत मागे जातो, आणि सहाव्या खंडाचा विषय निघाला की मला तुझ्याजवळ एक गोष्ट बोलावी लागते. तुझ्या परीक्षेच्या वर्षी शिकवणी घेणाऱ्या एका गृहस्थांनी मला सांगितले, की याचे अवांतर वाचन ताबडतोब बंद करा. मी घरी आलो, तुझ्या हातातून तो सहावा खंड काढून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. थोडीच पाने उरली होती आणि तू तेवढी वाचू देण्याची विनंती करत होतास. पुस्तक तुला तीन महिन्यांनी परत मिळाले. त्या पानांत काय होते हे मला यंदा समजले. रँडला व्हाइट टॉवरच्या, म्हणजे आएस सेडाई या जादू करणाऱ्या स्त्रियांच्या पीठाच्या, दूतांनी पकडून एका पेटीत कोंडले आहे, रोज बाहेर काढून मारतात आणि पुन्हा आत घालतात, आणि तो अंधारात अंग मुडपून पडून आहे, अशा ठिकाणी मी तुझे पुस्तक बंद केले होते. तीन महिने तो तुझ्या मनात त्या पेटीतच राहिला असणार. मला याचे फार वाईट वाटले, आणि ते तुला लिहून कळवावे असे वाटले.

त्या पेटीतून बाहेर आलेला रँड पूर्वीचा राहत नाही. तो स्वतःला कठीण करत जातो. आपल्यामुळे मेलेल्या स्त्रियांच्या नावांची यादी तो मनात पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि प्रत्येक नव्या नावाबरोबर त्याचा निश्चय पक्का होतो, की शेवटच्या लढाईपर्यंत टिकायचे तर आतले सगळे मऊ भाग जाळून टाकले पाहिजेत. पोलादही पुरेसे नाही. कशानेही न फुटणाऱ्या क्वेंदियारसारखे झाले पाहिजे, असे तो स्वतःला बजावतो. आधीच्या खंडांत वाचकालाही हे पटते, कारण जगाचा भार ज्याच्या खांद्यावर आहे त्याने खंबीर असावे असेच आपण मानतो. बारावा खंड आपला हा समज पुराव्यानिशी मोडून काढतो. शत्रूपक्षातली सेमिराघे त्याच्या गळ्यात त्याला ताब्यात ठेवणारा पट्टा अडकवते आणि त्याच्याच हाताने त्याच्या प्रेयसीचा, मिनचा, गळा आवळायला लावते. तो सुटतो, पण सुटताना अशा शक्तीला हात घालतो जिचे मूळ खुद्द शत्रूत आहे. यानंतर त्याचा आवाज चढत नाही आणि त्याला रागही येत नाही, आणि जवळची माणसे त्याच्या या शांतपणाला घाबरू लागतात. पुढे एका शत्रूला संपवण्यासाठी तो आतल्या माणसांसह एक अख्खा वाडा अस्तित्वातून पुसून टाकतो. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आता रँडच्या बापाविषयी, टॅमविषयी. पहिल्या खंडातला तो प्रसंग तुला आठवत असेलच. शेतावर हल्ला होतो, टॅम जखमी होऊन तापाने फणफणतो, आणि रँड गाडीचे दांडे तोडून त्यांची झोळी करतो व बापाला रात्रभर अंधारातून ओढत गावाकडे नेतो. त्याच रात्री तापाच्या बडबडीत टॅम बोलून जातो, की हे मूल त्याला युद्धात एका डोंगराच्या उतारावर, बर्फात सापडले. रँड ते ऐकतो, हादरतो, पण झोळी ओढायची थांबत नाही. पहिल्या खंडातली मला सर्वांत आवडलेली पाने तीच आहेत. त्यानंतर जवळजवळ सगळी मालिका टॅम आणि रँड एकमेकांसमोर येतच नाहीत. मी दर खंडात वाट पाहत होतो, आणि ती भेट बाराव्यात, अगदी शेवटाकडे होते.

टॅमला जादूतले काही कळत नाही, राज्यकारभारातलेही फारसे कळत नाही. तो म्हातारा होत चाललेला शेतकरी आहे, आणि त्याच्यासमोर उभा असलेला मुलगा राजांना उठवतो-बसवतो. टॅम उपदेश न करता जे म्हणतो त्याचा आशय असा, की वाट्याला आलेले काम टाळणे तुझ्या हातात नसेल, पण ते तू कशासाठी करतोस हे तुझ्या हातात आहे. रँडजवळ याला उत्तर नसते. मरायचे आहे म्हणून तो चालत असतो. त्यापलीकडे 'कशासाठी' हा प्रश्न त्याने स्वतःला कित्येक खंडांत विचारलेला नाही. तेवढ्या चार-दोन पानांत तो सैल होतो, मुलगा होतो. आणि मग टॅमच्या तोंडून कॅडस्वेनचे, म्हणजे रँडला वळण लावू पाहणाऱ्या वयोवृद्ध आएस सेडाईचे, नाव निघून जाते. आपल्या बापालाही कोणीतरी शिकवून पाठवले आहे, हे रँडच्या ध्यानात येते. पुढच्या क्षणी टॅम जमिनीवर जखडलेला असतो, रँडच्या हाताशी त्याला कायमचे पुसून टाकणारा प्रकाश गोळा होऊ लागलेला असतो, आणि टॅमच्या डोळ्यांत भीती असते. ज्या मुलाने झोळी ओढली, त्या मुलाची भीती.

मी हा भाग तीनदा वाचला. पहिल्यांदा मला रँडचा राग आला, दुसऱ्यांदा कॅडस्वेनचा. तिसऱ्यांदा वाचताना मात्र माझे लक्ष टॅमकडे गेले. त्याचे प्रेम खरे होते, त्याने जे विचारले तेही त्याचे स्वतःचे होते, पण तो दुसऱ्याने आखलेल्या वाटेने मुलाच्या खोलीत आला आणि आल्या आल्या त्याने ते सांगितले नाही. शिकवणीवाल्या गृहस्थांचे शब्द खिशात घालून मी तुझ्या खोलीत आलो होतो, ते मला तेव्हा आठवले. तू माझ्यावर ओरडला नाहीस. तू पुस्तक माझ्या हातात दिलेस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास.

कादंबरीचा दुसरा अर्धा भाग रँडच्याच गावच्या एग्वेनचा आहे आणि बांधणीच्या दृष्टीने तो रँडच्या भागाहून सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती व्हाइट टॉवरमध्ये कैदेत आहे, तिला पुन्हा नवशिकी ठरवून रोज फटके मारले जातात, टॉवरची प्रमुख एलायडा हिच्या जेवणाच्या मेजापाशी वाढायला उभे केले जाते. छळ रँडचाही झाला आणि तिचाही. पण एग्वेन वेदनेला आत येऊ देते, सोसते आणि तरी कडवट होत नाही. त्यामुळे तिला मारणारेच हळूहळू तिचा सल्ला विचारू लागतात. लेखकाने या दोघांची तुलना एका वाक्यातही बोलून दाखवलेली नाही. प्रकरणे आलटून पालटून येतात आणि वाचकाला ती आपोआप दिसते.

आणि व्हेरिन! बोटांवर शाईचे डाग वागवणारी, बोलता बोलता हरवणारी आएस सेडाई व्हेरिन तुझी आवडती होती. ती एग्वेनच्या खोलीत शांतपणे बसून चहा पिते आणि बोलता बोलता सांगते, की तू घातलेला पोशाख हिरवा आहे. एग्वेनच्या अंगावर पांढरा पोशाख असतो. आएस सेडाईला खोटे बोलता येत नाही, तेव्हा या एका साध्या वाक्याने सगळे उघड होते. ती ब्लॅक आजा या शत्रूला सामील असलेल्या आएस सेडाईंच्या गुप्त गटातली आहे. त्या गटाची शपथ मृत्यूच्या घटकेपर्यंत बांधून ठेवणारी आहे, म्हणून व्हेरिनने ती घटका स्वतःच ओढवून घेतली आहे. विष त्या चहातच आहे. शत्रूच्या गोटात राहून जमवलेली सगळी नावे ती एग्वेनच्या हाती देते आणि कप संपवते. पहिल्या खंडांपासून तिच्याविषयी पेरलेले बारीक संशय इथे उगवतात. दोन आणि दोन जुळवत तू कागदावर तिच्या नावाखाली रेघ मारली होतीस. तुझी शंका बरोबर होती आणि तरीही पूर्ण बरोबर नव्हती.

हा खंड जॉर्डन यांनी पूर्ण केलेला नाही, हे तुला माहीत आहे. हृदयाच्या एका दुर्मीळ आजाराने १६ सप्टेंबर २००७ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. शेवट एकाच खंडात करायचा असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी टिपणे आणि काही लिहिलेले व सांगितलेले प्रसंग मागे ठेवले, आणि मालिकेचा शेवटही ते स्वतः लिहून गेले. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल याच त्यांच्या संपादक. जॉर्डन गेल्यावर ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी काम त्याच्याकडे सोपवले. तो शाळकरी वयापासून या मालिकेचा वाचक होता. नियोजित एका खंडाचे तीन खंड झाले आणि २००९, २०१० व २०१३ या साली ते प्रसिद्ध झाले. जॉर्डन स्वतः व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवत होते. लढण्यासाठी आतून दगड होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणाकडून ऐकावे लागले नसेल, असे रँडची पाने वाचताना मला सतत वाटत राहिले.

लिहिणारा हात बदलल्याचे जाणवते. वाक्ये आखूड झाली आहेत, वर्णने कमी झाली आहेत, आणि कथा पळते. पोशाखांची लांबलचक वर्णने गेल्याचे मला दुःख नाही. रँडचा मित्र मॅट याच्या बाबतीत मात्र काहीतरी बिघडले आहे. पूर्वी आपण विनोद करतो आहोत हे मॅटला ठाऊक नसायचे, आणि म्हणूनच तो मजेदार होता. इथे तो ठरवून विनोद करतो. रात्र पडताच ज्या गावातली माणसे वेडी होऊन एकमेकांवर तुटून पडतात, त्या गावाचे प्रकरण चांगले रंगले आहे, पण त्यातून चालणारा माणूस मला परका वाटला.

शेवटचे प्रकरण मी तुला सांगणार नाही. बापाला मारता मारता थांबलेला रँड त्याच डोंगराच्या शिखरावर जाऊन एकटा उभा राहतो, जिथे मागच्या जन्मी तो मेला आणि जिथल्या उतारावर टॅमने त्याला उचलून घेतले. सगळे जग जाळता येईल एवढी शक्ती त्याच्या हातात असते. पुन्हा पुन्हा जन्माला यायचे, पुन्हा तेच हरायचे, तर हे चक्र फिरतेच कशाला, असा त्याचा प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर त्याच्याच डोक्यातल्या, मागच्या जन्मातल्या त्या जुन्या आवाजाकडून मिळते. ते उत्तर तू स्वतःच वाच.

दहावा, अकरावा आणि बारावा असे तिन्ही खंड बांधून ठेवले आहेत, उद्या पाठवतो. दहाव्यातला तुझा कागद जिथे होता तिथेच आहे; बारावा मी पेन्सिलीने थोडा खराब केला आहे. तेरावा टेबलावर आहे, पण तो मी अजून उघडलेला नाही. वाचून झाले की मॅटविषयी मला सविस्तर लिही. मी त्याला आत्ता या वयात भेटलो, तू त्याच्याबरोबर वाढलास. त्याचा आवाज खरोखर बदलला आहे की मलाच तो तसा ऐकू येतो, हे तुलाच सांगता येईल.

तुझा,
बाबा