आत्या, श्वास नीट घेता येतो

ती. आत्यास,
सा. न.

कॉर्सेट, म्हणजे नाडीनं कमरेवर आवळून बांधायची ताठ चोळी, शिवतेय म्हटल्याबरोबर फोनवर तू ‘बरगड्या मोडून घेणार आहेस का?’ असं विचारलंस आणि मी उत्तर देण्याआधीच फोन आईकडे दिलास. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मैत्रिणीच्या लग्नात घालायचा पोशाख आहे. खाली भरपूर घेराचा लांब स्कर्ट, वर रेशमी कॉर्सेट, खांद्यावर पट्टा नाही. मग हे अंगावर टिकणार कशाच्या जोरावर? कमरेच्या. कमरेवर ते घट्ट बसतं आणि वरचा भाग खालून उचलून धरतं. स्कर्टचं ओझंसुद्धा कॉर्सेटवरच येतं, त्यामुळे स्कर्टची नाडी कमरेत रुतत नाही. आवळणं हा त्यातला छोटा भाग. बांधल्यावर माझी कंबर दोन इंचांनी कमी भरते, त्यापुढे मी ओढणार नाही. दोन इंच मऊ पोटातून सहज जातात, बरगडीपर्यंत गोष्ट पोचतच नाही. पूर्वी अति आवळणाऱ्या बायका होत्या आणि त्यांना त्रासही व्हायचा, हे खरं. पण कंबर बारीक दिसावी म्हणून बरगड्या काढून घ्यायच्या, ही निव्वळ दंतकथा. 19व्या शतकात शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ होता, हौसेपायी ती कोण करून घेणार?

खरी कसोटी कापडाची. ताण पडला तरी सैल न होणारं कापड लागतं. त्यासाठी कूटील नावाचं दाट विणीचं सुती कापड वापरतात. रेशीम फक्त वरून दिसायला, जोर सगळा आतल्या कूटीलचा. एका बाजूला सहा, असे बारा तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यावर कमरेची रेघ आडव्या धाग्याला समांतर ठेवूनच बेतायचं. जरा उरेब, म्हणजे तिरकेपणा, आला की बांधल्यावर तो तुकडा पिळतो, आणि मग कितीही इस्त्री करा, सरळ होत नाही. शिवाय आतून कमरेवर एक इंच रुंदीची न ताणणारी पट्टी फिरवली आहे. नाडीची ओढ ती झेलते, शिवणींवर येऊ देत नाही.

नमुना आधी शिवून पाहिला, पण मऊ मांजरपाटाचा नाही. तो ताणला जातो आणि खोटं माप सांगतो. जाड कापड घेतलं, त्यात तात्पुरत्या पट्ट्या सरकवल्या, मागे नाडी ओवली आणि घालून खुर्चीवर बसून राहिले. मागे नाडीच्या दोन कडांमध्ये राहणारी फट पाहायची असते. वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर बेत जमला. खाली रुंदावत गेली तर नितंबावर जागा कमी पडतेय, तिथल्या शिवणी सोडायच्या. मधोमध नुसतं ओढत बसण्यात अर्थ नाही. दोन-अडीच इंचांची फट मुद्दाम ठेवतात, आत एक झाकपट्टी येते.

कॉर्सेटला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या पोलादी आहेत. पूर्वी देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या असत. इंग्रजीत त्याला ‘व्हेलबोन’ म्हणतात, नाव हाडाचं, पण ते हाड नव्हे, आपल्या नखांत असतं तेच केराटिन. आता दोन प्रकार मिळतात. सपाट पट्टी पुढेमागेच वाकते, म्हणून ती पाठीवर, नाडीच्या भोकांच्या दोन्ही अंगांना. तारेच्या वेटोळ्यांची पट्टी आडवीही वाकते, म्हणून बाजूच्या वळणदार शिवणींवर ती. प्रत्येकीसाठी वेगळा नेफा शिवायचा, आणि पट्टी नेफ्यापेक्षा अर्धा-पाऊण सेंटिमीटर आखूड ठेवायची. पुरेपूर लांबीची घातली तर टोक कापड फाडून बाहेर येतं. नाडीची भोकं कात्रीनं पाडायची नाहीत. आरीनं धागे बाजूला सारायचे, म्हणजे तुटत नाहीत आणि धातूची रिंग पक्की धरून ठेवतात. या कामात माझी बोटं दुखली, पण मला सगळ्यात आवडलं तेच.

पुढे बस्क आहे, म्हणजे दोन पोलादी पट्ट्या. एकीवर खुंट्या, दुसरीवर त्यांना अडकवायच्या कड्या. 1829 साली झोसलँ नावाच्या फ्रेंच माणसानं ही दुभागलेली बस्क काढली, आणि दर वेळी मागची नाडी पूर्ण काढायची गरज संपली. नाडी सैल करायची, खुंट्या सोडवायच्या, झालं. कुणाच्या मदतीशिवाय मला घालता-काढता येतं. तुला काळजी होती ना, अडकून पडेन म्हणून!

आता वरखाली गोट लावायचा राहिलाय, आणि पट्ट्यांच्या टोकांवर हातानं रेशमी टाके घालायचेत. ते शोभेचे दिसतात, पण पट्टीला जागेवरून हलू न देणं हे त्यांचं काम. कापड गडद हिरवं आहे. टाके त्याच रंगात बुडून जाऊ देऊ, की जुन्या सोन्यासारखा पिवळट धागा घेऊ? मला दुसरा बरा वाटतो, पण बारा तुकड्यांवर वरखाली आला तर भडक होईल का, हे तूच नीट सांगशील. सोबत कापडाची चिंधी ठेवली आहे. दिवसाच्या उजेडात बघ आणि लगेच कळव, धागा आणायचा खोळंबलाय.

तुझी लाडकी भाची