कापड पुरे झालं मंडळी, आता ब्लेड पाठवा!

मंडळी, आधी मनापासून आभार, कारण मागच्या वेळी कापड मागितलं तर तुम्ही इतकं आणून दिलंत की कपाटाची दारं लागत नाहीयेत. तेव्हा कापडाच्या बाबतीत जरा हात आखडता घ्या प्लीज. आपल्या गोधडी गटाचं काम सध्या अडलंय ते कापडापायी नाही, धारेपायी. रोटरी कटर आहेत, ते वापरणारे हात आहेत, पण आतली ब्लेड पार बोथट झालीयेत आणि गोधडीसाठी ब्लेड दान करावं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, त्यात कुणाची चूक पण नाही म्हणा.

ज्यांचा शिवणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, रोटरी कटर म्हणजे मुठीच्या टोकाला बसवलेलं गोल, फिरणारं ब्लेड. ओल्फा या जपानी कंपनीनं १९७९ मध्ये तो बाजारात आणला. कात्रीनं करायचं तर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून एकेक तुकडा आखा मग कापा, आणि कटरनं कापडाची चार पदरी घडी कापायच्या मॅटवर ठेवली, वर जाड अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबली आणि एकदा फिरवला की कापडाची सरळ लांब पट्टी तयार. पण हे सगळं ब्लेडला धार असेल तर!

आता आमच्याकडे काय होतंय ते बघा. पट्टी कापली, उचलायला गेलं की मध्येच दोन-चार धागे तसेच धरून बसलेले. ४५ मिलीमीटरच्या ब्लेडचा घेर भरतो साधारण १४१ मिलीमीटर, म्हणजे साडेपाच इंचाच्या आसपास. तर दर साडेपाच इंचावर धागे सुटत असतील तर ब्लेडला एका जागी खाच पडलीय, बहुतेक टाचणीवरून गेलंय किंवा कटर खाली पडलाय. आणि सगळीकडेच कापड खेचल्यासारखं, कडेला तंतू निघाल्यासारखं दिसत असेल तर ब्लेड सरसकट बोथट झालंय. आमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत.

मग त्याच जागेवरून दोनदा-तीनदा कटर फिरवावा लागतो, दर वेळी रेघ जराशी हलते. पाव इंचाच्या शिलाईत एकेका तुकड्याला अर्ध्या सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडला तरी ओळीतले दहा तुकडे जोडेपर्यंत तो पाच सूत होतो आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळायचं नाव घेत नाहीत. उसवत बसा मग. पण आम्हाला जास्त काळजी बोटांची आहे. लोकांना वाटतं धारदार ब्लेड धोक्याचं, खरं म्हणजे बोथटच जास्त घातक, कारण माणूस जोर लावतो, जोर लावला की अ‍ॅक्रिलिकची पट्टी सरकते आणि पट्टी धरलेल्या हाताचं एखादं बोट तिच्या कडेबाहेर असेल तर कापलंच समजा.

"अहो, धारच लावून घ्या की" असं बरेच जण सुचवतात. लावतो ना. या ब्लेडसाठी धार लावायची छोटी यंत्रं मिळतात, त्यानं थोडे दिवस निघतात. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची जाड घडी कापली की बारीकसा फरक पडतो म्हणतात, पण खाच पडलेली असेल तर ती फॉइलनं जात नाही. सुरीच्या दगडावर हातानं घासायच्या फंदात तर पडूच नका, धार एकसारखी राहत नाही आणि गोलाई बिघडली की ब्लेड गेलंच. एक मात्र सांगते, कधी कधी ब्लेड चांगलं असतं पण मागे तंतूंचा गठ्ठा अडकलेला असतो किंवा नट जास्त आवळलेला असतो. उघडायचं, पुसायचं, मशीनच्या तेलाचा थेंब द्यायचा, वायसर होता तसाच बसवायचा. हे सगळं करून झाल्यावरच तुमच्याकडे मागतोय.

तर सगळ्यात जास्त गरज ४५ मिलीमीटरच्या ब्लेडची. वळणाच्या तुकड्यांसाठी २८ची आणि अस्तरासकट जाड थर कापायला ६०ची पण हवीत, थोडी. घेताना माप तेवढं नीट बघा, कारण ६०चं ब्लेड ४५च्या कटरला बसत नाही. एक-दोनदा वापरलेली असतील तरी द्या, कागद कापलेली असतील तर तसं सांगा, त्यांच्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावून कागदाच्या नमुन्यांसाठी वेगळी ठेवू. जाड पारदर्शक पट्ट्या हव्यात (शाळेची पातळ स्केल नको, ब्लेड तिच्यावर चढतं), आणि कटिंग मॅट पण, मात्र सपाट असलेली. उन्हात किंवा गाडीत राहून वाकडी झालेली मॅट परत सरळ करणं फार अवघड. ब्लेड शोधत फिरायला वेळ नसेल तर पैसे द्या, पावती देऊ.

आणि वेळ असेल तर या सुद्धा. कापायला नको, दर आठवड्याला कटर उघडून साफ करणारं, वापर झाला की कव्हर लावा म्हणून सगळ्यांच्या मागे लागणारं कुणीतरी पाहिजे. जरा कडक स्वभावाचं असेल तर उत्तमच.

घरात जुनी, टाकायची ब्लेड पडली असतील तर तीही आणा, आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जमा करतो आणि डबा भरला की टेपनं बंद करून वर लिहून मगच टाकतो, कचरा उचलणाऱ्याचा हात कापायला नको. शनिवारी कटिंगच्या वेळी कुणाच्याही हातात द्या, पण एक विनंती, सुटं ब्लेड कापडाच्या पिशवीत टाकून आणू नका. त्याच्या डबीत, नाहीतर दोन पुठ्ठ्यांमध्ये टेपनं नीट चिकटवून, वर माप लिहून द्या. पिशवीत हात घालणाऱ्या आम्हीच असतो.