आत्याने मूठ जोरात आवळली नाही, कारण यंत्र मोडेल अशी तिला भीती होती

मा. संपादक,
स. न.

काल पुरवणीत साठीनंतर ताठ कसं राहायचं ते सांगणारा पानभर लेख वाचला. पानभर म्हणजे पाऊण पान लेख आणि उरलेल्या पावात प्रोटीन पावडरची जाहिरात, तिच्याकडे नंतर येते. लेखक डॉक्टर आहेत, त्यांचा अभ्यास असणार, त्याबद्दल आदरच आहे. पण "म्हातारपणीची दुर्बलता ही बऱ्याचदा आळसाची कमाई असते" हे वाक्य मोठ्या टायपात चौकटीत छापताना तुमच्या ऑफिसात कुणालाच काही खटकलं नाही का? की चौकट रिकामी राहत होती म्हणून घातलं?

लेखात फ्रेलिटीचे, म्हणजे म्हातारपणीच्या दुर्बलतेचे, ते पाच निकष दिलेत, वजन उतरणं, थकवा, मुठीचा जोर कमी, चालण्याचा वेग कमी, हालचाल कमी. पाचपैकी तीन भरले की माणूस फ्रेल, एक-दोन भरले की काठावर. बरोबर आहे. हे निकष लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडले, अमेरिकेतल्या ६५ आणि त्यापुढच्या ५,३१७ माणसांच्या माहितीवरून. पण त्याच शोधनिबंधात, अगदी सुरुवातीच्या सारांशातच, हेही लिहिलंय की ही दुर्बलता कमी शिकलेल्यांत, कमी कमाई असलेल्यांत आणि तिथल्या कृष्णवर्णीयांत जास्त दिसली. निकष उचलले आणि हे वाक्य तिथेच ठेवलं, असं कसं झालं बुवा? जागेअभावी?

मला हे सगळं का माहीत, तर आत्यामुळे. माझी आत्या बांधकामावर डोक्यावरून विटा आणि वाळू वाहायची. लग्नाआधीपासून करत होती, मधे बाळंतपणापुरती थांबली असेल तेवढीच. साठी जवळ आली तेव्हा तिची मान कायमची थोडी पुढे आलेली, जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी राहायची आणि वर कोण येतंय का बघत असल्यासारखं करायची, म्हणजे दम लागलाय ते कळू नये. भरलेली बादली उचलता येईना म्हणून अर्धी भरायला लागली आणि दोन फेऱ्या मारायला लागली. मी म्हटलं दाखवून येऊ, तर म्हणाली वय झालं आता, चालायचंच. आणि ज्या डॉक्टरांना दाखवलं तेही हेच म्हणाले, वय झालं. अहो, एकसष्टाव्या वर्षी? लेखक महाशयांच्या फोटोखाली त्यांचं वय अडुसष्ट दिलंय आणि ते ट्रेकिंगचे बूट घालून उभे आहेत.

मग एका दवाखान्यात ज्येष्ठांसाठी मोफत तपासणी शिबिर आहे असं कळलं. गेलो तर खिडकीवर सांगितलं, पासष्टच्या खालच्यांना नाही. नियम आहे. म्हणजे तिचं शरीर पासष्टच्या पुढे कधीच निघून गेलं होतं पण कागद मागे राहिला होता, आणि खिडकीवर कागदच चालतो. इंग्लंडमध्ये आरोग्यातली विषमता अभ्यासणारे मायकल मार्मट यांच्या समितीने २०१० साली अहवाल दिला, त्यात गरीब वस्त्यांतली माणसं श्रीमंत वस्त्यांतल्यांपेक्षा सरासरी सात वर्षं आधी मरतात असं आहे, ते एकवेळ आपल्याला अंदाजाने माहीत असतं. पण अपंगत्वाशिवाय जगायला मिळणाऱ्या वर्षांत फरक सतरा वर्षांचा निघाला. सतरा! आणि आपण सगळ्यांना एकाच पासष्टच्या रांगेत उभं करतो.

तर पासष्ट पूर्ण झाल्यावर परत गेलो. आता नीट ऐका, कारण हे सांगण्यासाठीच पत्र लिहायला बसले.

आधी एका मुलीने फॉर्म भरून घेतला. आजी, व्यायाम काय करता? यादी होती, फिरायला जाणं, योगा, सायकल, पोहणं, जिम. आत्या प्रत्येकाला नाही नाही म्हणत गेली. मी मधे म्हटलं अहो यांनी जन्मभर विटा वाहिल्यात, तर ती म्हणाली मॅडम, कामाचा कॉलम नाहीये यात. आणि शेवटी काय लिहिलं, बैठी जीवनशैली. माझ्यासमोर लिहिलं! मला हसावं की भांडावं कळेना. नंतर शोधलं तेव्हा कळलं की ही खोड फ्राइड यांच्या त्या मूळ अभ्यासापासूनचीच आहे, तिथल्या यादीत चालणं आणि घरकाम आहे पण त्यांच्या जोडीला गोल्फ, टेनिस, बोलिंग, डान्स पण आहे. फुरसतीत माणूस काय करतो ते मोजायचं, आणि ज्याला फुरसतच नव्हती त्याच्या नावावर शून्य.

थकवा वाटतो का आजी? नाही, बरी आहे. आता हे उत्तर तिने आयुष्यभर मुकादमाला दिलंय. दमले म्हटलं तर उद्या येऊ नको म्हणतील, ही भीती अंगात मुरलेली असते, ती पांढरा कोट बघून जाते थोडीच. वर्षभरात वजन साडेचार किलोच्या वर उतरलंय का? गेल्या वर्षी वजन केलंच कुणी होतं? माहीत नाही म्हटल्यावर त्या रकान्यात रेघ मारली आणि रेघ म्हणजे नाही असंच धरलं गेलं. मग साधारण पंधरा फूट अंतर नेहमीसारखं चालून दाखवायचं होतं, घड्याळ लावून. कुणीतरी हातात घड्याळ घेऊन आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर माझी आत्या नेहमीसारखी चालेल? ती पदर खोचून तरातरा गेली, आणि पलीकडे जाऊन भिंत धरली. भिंत धरली ते वेळेच्या बाहेर होतं, त्यामुळे मोजलं नाही.

आणि मग ते मुठीचं यंत्र. हातात दिलं, म्हणाले जितका जोर आहे तितका लावा. तिने हलकेच दाबलं. अजून जोरात आजी. परत हलकेच. मी वाकून म्हटलं दाब की गं, तर माझ्या कानाशी येऊन म्हणते, पोरी, मोडलं तर भरून द्यावं लागेल का? कामावर घमेलं फुटलं, विटा फुटल्या तर मजुरीतून कापायचे, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. मी त्या मुलीला सांगायला गेले तोवर आकडा लिहून झाला होता आणि मागे रांग होती. नेक्स्ट.

हिशेब असा झाला की पाचपैकी दोन. मूठ कमजोर, हालचाल कमी. ज्या दोन गोष्टींत तिचं आयुष्य गेलं त्याच दोन्हीत ती नापास, आणि ज्या तीन गोष्टींचा खरोखर त्रास होता त्यात पास. दोन म्हणजे काठावर. फिजिओथेरपी फक्त तीन आणि त्यापुढच्यांना लावून देत होते, काठावरच्यांना पत्रक. पत्रकात तुमच्या लेखातलंच सगळं होतं, रोज चाला, प्रथिनं वाढवा, आनंदी राहा. आनंदी राहा याच्या पुढे उद्गारचिन्ह होतं.

मी त्या मुलीला दोष देत नाहीये, तिला दिवसभरात किती माणसं उरकायची होती देव जाणे. पण फॉर्म कुणी बनवला? बनवणाऱ्याने कधी ओझं उचलणारा माणूस जवळून बघितलाय का?

लेखकांना वाटत असेल की कष्टाची माणसं मुळातच काटक असतात, ज्यांनी इतकं उचललं त्यांचे स्नायू तर दणकट पाहिजेत. मलाही पूर्वी असंच वाटायचं, सगळ्यांनाच वाटतं. डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं यावर काम करतायत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की फुरसतीतला व्यायाम आणि पोटासाठीचं ओझं शरीराला सारखं लागू पडत नाही. व्यायामात जोर थोडा वेळ लावतो, मग विश्रांती असते, कधी थांबायचं ते आपण ठरवतो. कामावर तासन्‌तास तेच ओझं, तोच वाकलेला कणा, नाडी दिवसभर चढलेली, आणि थांबायचं दुसऱ्याने सांगितल्यावर. स्नायू भरून यायला वेळ आणि अन्न लागतं, दोन्हीची मारामार. यावर तज्ज्ञांत अजून वाद चालू आहेत ते चालू देत, पण निदान आळस हा शब्द वापरण्याआधी माणसाने एवढं वाचावं की नाही?

बरं, मी असंही म्हणत नाही की व्यायामाने काही होत नाही, उलट राग त्याचाच जास्त येतो की होण्यासारखं असून होत नाही. १९९४ साली मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या १०० माणसांवर प्रयोग केला होता, सरासरी वय ८७, दहा आठवडे वजनं घेऊन पायांचा व्यायाम. ज्यांनी केला त्यांची ताकद दुपटीच्याही वर गेली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढणं सुधारलं. सत्त्याऐंशीव्या वर्षी! माझी आत्या त्यांच्यासमोर तरुणी आहे. पण तिथे शिकवायला माणूस होता, तो त्यांच्या राहत्या जागी यायचा, वजन हळूहळू वाढवायचा, पडायला झालं तर धरायला होता. चौकटीतलं वाक्य वाचून कुणाच्या मांडीत जोर आलेला नाही.

आता ती जाहिरात. त्याच प्रयोगात काहींना व्यायाम न देता नुसतं पोषक पेय दिलं होतं. नुसत्या पेयाने ताकदीत काही फरक पडला नाही. तुमच्या लेखात प्रथिनांवर दोन परिच्छेद, आणि त्याला चिकटून डबा हातात धरलेले पांढऱ्या केसांचे हसरे आजोबा. योगायोग असेल, मी काही आरोप करत नाही, जाहिरात विभाग वेगळा असतो हे मला कळतं. ज्यांच्या ताटात मुळातच प्रथिनं नाहीत त्यांना ती मिळायलाच हवीत, वाद नाही, वय वाढल्यावर वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ग्रॅम, जमलं तर थोडी जास्त, असं तज्ज्ञ सांगतात. पण ती डब्यातून येणार नाहीत, डबा ज्यांना परवडतो त्यांच्या ताटात आधीच असतात.

आत्या आता फक्त खालच्या मजल्यापर्यंत जाते. मी तिला संध्याकाळी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावते, थोडं थोडं वाढवत नेते, तिला ते फार विनोदी वाटतं. काम नाही काही नाही आणि उगाच उठबस कशाला, म्हणते. परवा मात्र स्वतःहून उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, लिही आता तुझ्या वहीत.

तेव्हा संपादकसाहेब, पुढचा लेख छापाल तेव्हा लेखकांना शोधनिबंधातलं ते राहिलेलं वाक्य, कमी शिकलेल्यांचं आणि कमी कमाईवाल्यांचं, घालायला सांगा. शिबिरं घेणाऱ्यांनाही तुमच्यामार्फत विनंती, फॉर्मवर एक रकाना वाढवा, आयुष्यभर काय काम केलं आणि किती वर्षं. आणि यंत्र हातात देताना आधी सांगा की आजी, हे मोडत नाही, आणि मोडलं तरी तुमच्याकडून काही घेणार नाही. याला निधी लागत नाही.

आणि हो, मागच्या खेपेला माझं पत्र निम्मं कापलंत, ते इतकं सफाईदार की मी ज्याच्या विरोधात लिहिलं होतं त्यालाच माझा पाठिंबा असल्यासारखं वाचायला येत होतं, शेजारच्यांनी अभिनंदन केलं माझं. यंदा कापायचंच असेल तर डेन्मार्क कापा, इंग्लंड कापा, जाहिरातीचा परिच्छेद तर तुम्ही कापणारच. मुठीच्या यंत्राचा तेवढा राहू द्या.

कळावे,
आपली एक जुनी वाचक