पेट्रोलची व्हाउचरं मंजूर, फिरती 'नगण्य'

मा. संपादक,
स.न.वि.वि.
बोनस म्हणजे कामगिरीचं बक्षीस, असं कालच्या अंकात वाचलं. लेखकमहोदयांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईच्या कंपन्या असाव्यात. कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस तर संस्था तोट्यात असली तरी द्यावाच लागतो. साहेबांच्या शेऱ्याने तो जात नाही. अफरातफर, चोरी, मारहाण करून नोकरीवरून निघालेल्याचा जातो.

मी तालुक्याच्या एका पतसंस्थेत वसुलीला आहे. यंदा दिवाळीला सगळ्यांना १५ टक्के, मला ८.३३. कारण विचारलं तर माझ्या कामाच्या वार्षिक अहवालातला साहेबांचा शेरा वाचून दाखवला: "वसुली असमाधानकारक, फिरती नगण्य." नगण्य! फिरती रजिस्टरवर दर शनिवारी सही साहेबांचीच. बारा महिन्यांची पेट्रोलची व्हाउचरंही त्यांनीच मंजूर केली. ते पेट्रोल मी काय म्हशीला पाजलं?

वसुली कमी झाली, मान्य. गेल्या हंगामात ऐन काढणीत पाऊस लागला. एका कर्जदाराकडे गेलो तर, "काहून आले जी भाऊ, या, पाहा," म्हणत त्याने सोयाबीनच्या गंजीपाशी नेलं. हात घातला तर आतून गरम वाफ, अन् मुठीत आले ते कोंब. पावतीपुस्तक पिशवीतच राहिलं. चहा पिऊन परतलो, रजिस्टरात तसंच लिहिलं. त्याखालीही सही आहेच.

मोठ्या थकबाकीदारांचं म्हणाल, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्याचे प्रस्ताव मी जूनमध्ये तयार करून दिले होते. साहेबांच्या टेबलावरून ते सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात गेले फेब्रुवारीत. आणि मार्च एंडिंगला जाब मला! याचे गुण कोणाच्या रकान्यात धरायचे, हे लेखकमहोदयांनीच सांगावं. मूल्यमापनातलं त्यांना बरंच कळतं.

सरकारी नोकराला अहवालातला प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. आम्हाला तो लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पाकीट मोजताना कळतो. लेखी हरकत दिली आहे, पोच अजून नाही.

जाता जाता: आपला अंक आमच्या गावात अकराच्या एसटीने येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात कापसाचे भाव परवाचे असतात. तो पेपर दाखवून भाव मागितला की व्यापारी हसतो.

आपला,
एक वसुली कर्मचारी, जि. यवतमाळ
(नाव-गाव छापू नये. दुसरा शेरा नको.)