मेडिकलवाल्याकडे मलम मागण्याआधी

भांडुप, मुंबई
१४ जुलै

प्रिय दिन्या,

परवा फोनवर "खाली जरा त्रास आहे रे" म्हणालास आणि लगेच पावसावर घसरलास. मलाही पुढे विचारता आलं नाही. आमची खोली तुला ठाऊक आहे, मी फोनवर बोललेलं आई, बायको आणि भिंतीपलीकडचे शेजारीसुद्धा ऐकतात. म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक.

मला हे गेल्या पावसाळ्यात झालं. रोज गुडघाभर पाण्यातून ऑफिस गाठायचं, दिवसभर ओली जीन्स, घरी दोरीवरची चड्डी तीन दिवस वाळायची नाही. मग तीच दमट चढवायची. एक दिवस लिंगाच्या टोकाला लाली दिसली. मग खाज, टोकावरच्या कातडीखाली दह्यासारखा पांढरा थर, लघवीला आग. बाहेर कुठे काही केलेलं नसताना लोकलच्या डब्यातली 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' वाली स्टिकरं आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली!

त्यात दोन मूर्खपणे केले. जंतुनाशक साबणाने दिवसातून चारदा घासलं, तर कातडीला भेगा पडल्या. आणि नाक्यावरच्या मेडिकलमधून 'खाजेचं मलम' आणलं. दोन दिवस स्वर्ग, मलम थांबवलं की दुप्पट. मला झाली होती बुरशी आणि मलमात होतं स्टेरॉइड, हे नंतर कळलं. त्याने लाली दबते, बुरशी आत वाढत राहते आणि कातडी पातळ होते.

शेवटी पालिकेच्या इस्पितळात गेलो. त्वचा आणि गुप्तरोग, दोन्ही एकाच पाटीवर. पाटी वाचून मी दहा मिनिटं खांबाआड उभा होतो. आत डॉक्टरीणबाई, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. ताप विचारावा तशा आवाजात म्हणाल्या, "कधीपासून?" पाहिलं, कापसाच्या काडीने नमुना घेतला आणि विचारलं, "शुगर कधी तपासलीय?"

कधीच नव्हती. उपाशीपोटी १६८ निघाली. १२६ किंवा जास्त पुन्हा आली की मधुमेह धरतात, माझी दुसऱ्यांदाही आली. साखर लघवीत उतरते, थेंब कातडीखाली राहतो आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. दिन्या, तुझ्या काकांना मधुमेह होता. मलमाच्या आधी साखर तपास. आणि तुझ्या घरी अण्णांना मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिनसारखी, साखर लघवीवाटे काढणारी गोळी असेल तर त्यानेही हे होऊ शकतं. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

मला क्लोट्रिमॅझोल १ टक्का हे बुरशीवरचं मलम दिलं, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. चार दिवसांत बरं वाटलं तरी पुरे करायचं. साबण बंद. कोमट पाण्याने कातडी मागे घेऊन धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि कातडी पुन्हा पुढे आणायची. हे विसरू नकोस. ती मागेच अडकून सुजली तर लगेच इस्पितळ गाठायचं. आणि मागे जातच नसेल तर ओढाताण करू नकोस.

बायकोला सांगणं ओपीडीपेक्षा अवघड गेलं. बरं होईपर्यंत लांब राहायचं होतं, काहीतरी सांगणं भागच होतं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "मलाही खाज आहे, दोन महिने झाले. मी कुणाला सांगणार?" दुसऱ्या दिवशी तिलाही घेऊन गेलो.

तुझं बुरशीचंच असेल असं नाही. साबण, निरोधचं रबर यांची अ‍ॅलर्जी असते. काहींना एखाद्या गोळीने दर वेळी त्याच जागी काळपट चट्टा उठतो. फोड किंवा पू असेल तर बाहेरच्या संबंधांचंही डॉक्टरांना खरं सांग, त्या काही तुझ्या सासरी कळवत नाहीत. पांढरा कडक डाग, आवळत चाललेली कातडी, न भरणारी जखम, यातलं काही असेल तर एक दिवस घालवू नकोस. क्वचित कॅन्सरही असतो.

आता मी ऑफिसात प्लॅस्टिकच्या पिशवीत सुकी सुती चड्डी ठेवतो आणि दमट वाटली तर इस्त्री फिरवतो. बायको हसते, हसू दे.

रोह्यात डॉक्टरकडे गेलास तर गावभर बातमी, ही तुझी भीती मला कळते. बुधवारी रात्री इकडे ये. गुरुवारी केसपेपरच्या रांगेत सातलाच उभं राहू. आईला सांगू, डोळे तपासायला आलायस.

तुझा,
नंदू